जुन्या स्टिरिओला नवा जोडीदार निवडताना

यवतमाळ असो, पुसद असो की वणी. जुन्या वाड्याच्या माळ्यावरून सत्तर-ऐंशीच्या दशकातला स्टिरिओ खाली काढला, की पहिली निराशा बहुधा स्पीकरच पदरी टाकतात. अॅम्प्लिफायरचा जड ट्रान्सफॉर्मर चाळीस वर्षांनंतरही शाबूत असतो. स्पीकरचा कागदी पडदा, त्याची फोमची कडा आणि डिंक मात्र वयाला शरण जातात. मग बाजारातून मिळेल ती जोडी आणून लावली जाते आणि काही वेळा स्पीकरऐवजी अॅम्प्लिफायरच जळतो. त्यात वापरलेले अनेक ट्रान्झिस्टर आणि एसटीके मालिकेतील आयसी आता तयार होत नाहीत. बाजारात मिळतात त्यांत बनावट पुष्कळ. म्हणूनच स्पीकरची निवड हा केवळ आवडीचा नव्हे, तर जुने यंत्र वाचविण्याचाही प्रश्न ठरतो.

आधी यंत्राची ओळख

निवडीची सुरुवात अॅम्प्लिफायरच्या पाठीमागून करावी. तेथे विजेचा दाब आणि स्पीकरचे ओहम छापलेले असतात. परदेशातून आलेली काही यंत्रे ११० व्होल्टची असतात. ती आपल्याकडील २३० व्होल्टवर थेट लावल्यास क्षणात निकामी होतात. यंत्र तपासून घेतल्याखेरीज त्याला चांगले स्पीकर जोडू नयेत. गाणे बंद ठेवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने डीसी दाब मोजावा. तो साधारण ५० मिलिव्होल्टच्या आत असावा. काही व्होल्ट दिसले, तर ते यंत्र स्पीकरची कॉइल जाळणार हे निश्चित.

व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचा नियम आणखी कडक आहे. स्पीकर न जोडता तो चालवून आवाज वाढवू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर खराब होऊ शकतो. अशा यंत्रांना बहुधा ४, ८ आणि १६ ओहमची वेगवेगळी टोके असतात. स्पीकर ज्या ओहमचा, त्याच टोकाला तो जोडावा.

ओहमचे गणित

ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरवर ‘८ ओहम’ लिहिले असेल, तर ८ ओहमचाच स्पीकर घ्यावा. त्याहून अधिक ओहमचा चालतो, आवाज थोडा कमी मिळतो एवढेच. कमी ओहमचा स्पीकर मात्र यंत्रातून अधिक प्रवाह खेचतो आणि ते तापू लागते. अनेक अॅम्प्लिफायरना ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्यांची सोय असते. ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर लावल्या, की यंत्रावर ४ ओहमचा भार येतो. बैठक आणि माजघर अशा दोन्ही ठिकाणी गाणी ऐकण्याच्या हौसेपायी यंत्र जळते ते असेच. जुन्या स्पीकरवरील चिठ्ठी गेली असेल, तर मल्टिमीटरने अंदाज घेता येतो. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो.

वॉट कमी, डेसिबल महत्त्वाचे

दुकानात पहिला प्रश्न ‘किती वॉटचा?’ असा असतो. प्रत्यक्षात जुन्या यंत्रासाठी स्पीकरची संवेदनशीलता अधिक मोलाची. एक वॉट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हा तो आकडा. दर तीन डेसिबलसाठी दुप्पट शक्ती लागते. म्हणजेच ९० डेसिबलचा स्पीकर १५ वॉटवर जेवढा आवाज देईल, तेवढाच आवाज ८४ डेसिबलच्या स्पीकरमधून काढण्यास ६० वॉट लागतील. हल्लीचे अनेक लहान, देखणे स्पीकर याच दुसऱ्या गटातले असतात. १० ते २० वॉटच्या जुन्या अॅम्प्लिफायरला ते पेलत नाहीत. मग आवाज वाढवत नेला जातो, अॅम्प्लिफायर फाटका आवाज देऊ लागतो आणि त्या ओढाताणीत आधी ट्विटर जळतो. कमी शक्तीच्या यंत्राने मोठा स्पीकर जळू शकतो, हे अनेकांना खरे वाटत नाही, त्याचे कारण हेच.

अशा यंत्रांसाठी ८८ ते ९० डेसिबल किंवा त्याहून अधिक संवेदनशीलतेचा स्पीकर निवडावा. खोक्यावरील ‘पीएमपीओ’ हा आकडा विचारातच घेऊ नये. ‘आरएमएस’ वॉट पाहावेत.

जुने घ्यावेत की नवे?

मुंबईचा चोरबाजार, लॅमिंग्टन रोड किंवा नागपूरची सीताबर्डी येथे जुने स्पीकर शोधणारे हौशी आहेत. जुने घेताना समोरची जाळी काढून पडद्याची कडा पाहावी. फोमची कडा बोट लावताच भुगा होत असेल, तर ती बदलावी लागेल, हे धरूनच किंमत ठरवावी. रबर किंवा कापडाची कडा अधिक टिकते. पडदा बोटांनी हलकेच, सरळ आत दाबावा; खरखर आल्यास कॉइल घासते आहे असे समजावे. क्रॉसओव्हरमधील जुने कपॅसिटर बदलल्याने तिखट किंवा मंद झालेला आवाज पुष्कळदा सुधारतो. नव्या स्पीकरमध्ये ही कटकट नाही. तेथे ओहम आणि डेसिबल तपासले की पुरे.

ऐकायचे काय, हेही ठरवून घ्यावे. १९७३ मध्ये यवतमाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले त्यांचे आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुढे ध्वनिमुद्रिकांवरही आले. भावगीत आणि नाट्यसंगीत यांचा प्राण शब्दांत असतो. तेथे छाती हादरवणाऱ्या बासपेक्षा मधल्या पट्टीची स्वच्छता हवी. खरेदीपूर्वी ओळखीच्या गायकाचे गाणे लावून प्रत्येक अक्षर स्पष्ट कळते का, हे पाहावे.

खोली, कूलर आणि वीज

जाड मातीच्या भिंती आणि सागवानी पाटणीचे छत असलेल्या खोलीत आवाज मुरतो. स्लॅब आणि गुळगुळीत फरशीच्या खोलीत तो घुमतो. तेथे सतरंजी आणि जाड पडदे उपयोगी पडतात. भिंतीला चिकटवलेला स्पीकर बास वाढवून शब्द झाकतो. तो फूटभर पुढे आणि ट्विटर कानाच्या उंचीवर ठेवावा.

विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलरची घरघर गाण्यावर मात करते आणि आवाज वाढवण्याचा मोह होतो. अधिक संवेदनशील स्पीकर येथेही कामी येतो. मात्र कूलरची ओली हवा थेट कागदी पडद्यावर येऊ देऊ नये. वीज गेली, तर यंत्राचे बटण लगेच बंद करावे. आवाज वाढवलेला असताना वीज परतल्यास बसणारा धक्का स्पीकर सोसेलच असे नाही.

शेवटची जोडणी

डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची दिशा एकच हवी. एक उलट लागली, तर बास नाहीसा होतो आणि गायक खोलीच्या मध्यभागी उभा राहत नाही. खुणा पुसल्या असतील, तर तारा अॅम्प्लिफायरपासून सोडवून स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. पडदा बाहेर आला, तर सेलच्या धन बाजूचे टोक तेच स्पीकरचे धन टोक. जुन्या युरोपीय धर्तीच्या दोन पिनांच्या प्लगमध्ये गोल पिन धन, तर चपटी ऋण असते.

एवढी पथ्ये पाळून पहिले दोन-चार दिवस मंद आवाजात यंत्र चालवावे आणि हात लावून त्याची उष्णता पाहत राहावे. ते शांत राहिले, तर जोडी जमली असे खुशाल समजावे.