एकट्याची फेरी : विमान शिकण्याचा इतिहास

विमान चालवायला शिकणाऱ्याच्या लॉगबुकात एक नोंद बाकी सगळ्या नोंदींहून वेगळी असते. त्या दिवशी शिक्षक विमानातून खाली उतरलेला असतो आणि विद्यार्थी एकटा वर जाऊन परत आलेला असतो. या उड्डाणाला जगभर ‘सोलो’ म्हणतात. वेळ पाहिला तर ते पाच-सात मिनिटांचेच: धावपट्टीवरून उठायचे, चार वळणे घेऊन लांबट चौकोनी फेरी पुरी करायची आणि त्याच पट्टीवर उतरायचे. पण शिक्षकाने विमानात कुठवर बसावे आणि केव्हा उतरावे, हे कळायला माणसे दगावली आणि पुष्कळ विमाने मोडली. विमान शिकवण्याचा इतिहास बहुतांशी या एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

अगदी सुरुवातीला फ्रान्समध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण शिक्षक विमानात बसतच नसे. लुई ब्लेरिओ याची विमाने एकाच माणसाची. दक्षिण फ्रान्समधल्या पो या गावी त्याची शाळा होती. तिथे नवख्याला आधी पंख छाटलेल्या यंत्रात बसवत. ते मैदानावरून धावे, पण जमीन सोडत नसे. न उडणाऱ्या पक्ष्यावरून त्याला ‘पेंग्विन’ म्हणत. पायांनी सुकाणू हलवून यंत्र सरळ रेषेत धावते ठेवणे हा पहिला धडा. तो जमला की थोडे उसळी घेणारे यंत्र मिळे, मग खरे विमान. शिक्षक मैदानाच्या कडेला उभा राहून सगळे पाहत असे. अर्थात पहिले खरे उड्डाण आणि पहिले सोलो तिथे एकच होते.

आंत्वानेत कंपनीच्या शाळेत जमिनीवर सराव करण्यासाठी एक साधन केले होते. पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसवलेले. वरच्या भागात विद्यार्थी बसे आणि मदतनीस बाहेर आलेले दांडे धरून ते पिंप हवे तसे कलते करत. विद्यार्थ्याने चाके फिरवून समोरची पट्टी क्षितिजाशी जुळवून ठेवायची. आजच्या सिम्युलेटरचा हा पूर्वज लाकडी होता आणि माणसांच्या दंडाच्या जोरावर चालत होता.

अमेरिकेत राइट बंधूंची पद्धत वेगळी होती. त्यांच्या विमानात दोघे शेजारी शेजारी बसत, त्यामुळे शिक्षक हाताशी असे. मात्र पंख मुरडून तोल सांभाळण्याचा दांडा दोघांच्या मधोमध एकच होता. एका जागेवर बसून शिकलेल्याला तो उजव्या हाताने धरण्याची सवय लागे, दुसऱ्या जागेवरच्याला डाव्या हाताने. परिणाम असा, की कित्येक वैमानिक ज्या जागेवर शिकले तिथूनच उडू शकत.

परवान्यांची सुरुवातही याच काळातली. ब्रिटिश परवान्याच्या यादीत पहिले नाव जे. टी. सी. मूर-ब्राबझन यांचे, ८ मार्च १९१० या तारखेचे. त्याच दिवशी फ्रान्समध्ये रेमोंद द लारोश हिला परवाना मिळाला. विमानाचा परवाना मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. त्या वेळच्या परीक्षेत दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घ्यावी लागत, ठरलेली उंची गाठून दाखवावी लागे आणि इंजिन बंद करून खुणेच्या जवळ उतरावे लागे. इंजिन बंद पडण्याची भीती तेव्हा रोजचीच होती, म्हणून ही अट. इंजिनाविना उतरण्याचा सराव आजही सोलोआधीच्या धड्यांत टिकून आहे.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि वैमानिक घाईघाईने तयार होऊ लागले. ब्रिटनच्या शाळांतून थोड्या तासांच्या शिदोरीवर मुले आघाडीवर जात, आणि तिथे पोहोचण्याआधीच शिकता शिकता मरणारेही बरेच असत. मोठे कारण होते गिरकी, म्हणजे ‘स्पिन’. पंखाचा हवेशी होणारा कोन एका मर्यादेपलीकडे वाढला की हवा पंखाला धरून वाहत नाही आणि त्याची उचल एकाएकी घटते. एक पंख आधी खचला तर विमान नाक खाली करून स्वतःभोवती फिरत कोसळते. अशा वेळी घाबरलेला माणूस दांडा पोटाशी ओढतो, कारण जमीन वर येताना दिसते. त्याने गिरकी आणखी पक्की होते. सुटका उलट दिशेला असते. गिरकीच्या विरुद्ध बाजूचे सुकाणू पायाने दाबायचे आणि जमीन समोर दिसत असताना दांडा पुढे ढकलायचा. विल्फ्रेड पार्क हा ब्रिटिश वैमानिक १९१२ मध्ये गिरकीतून वाचला तेव्हा त्याची चर्चा झाली. तरी हे ज्ञान शाळांच्या धड्यांत उतरले नव्हते. शिक्षक विद्यार्थ्याला गिरकीपासून लांब ठेवत आणि तीच सुरक्षितता मानत.

ही समजूत मोडली रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने. फ्रान्समध्ये स्क्वाड्रन सांभाळताना नवी मुले अर्धवट शिकून येतात हे तो पाहत होता आणि वरिष्ठांना त्याबद्दल लिहीत होता. अखेर त्यालाच इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉस्पोर्टला धाडण्यात आले. १९१७ मध्ये तिथे त्याची खास शाळा उभी राहिली. त्याने विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून वैमानिकाच्या जागेवर बसवले, दोघांनाही दांडे आणि सुकाणू दिले, आणि विमान म्हणून ॲव्रो ५०४ निवडले. मग ज्या गोष्टींपासून विद्यार्थ्याला दूर ठेवले जाई त्या सगळ्या मुद्दाम करून घेतल्या: गिरकी, तीव्र वळणे, आडव्या वाऱ्यात उतरणे. संकट टाळायला शिकवण्यापेक्षा संकटातून बाहेर यायला शिकवावे, हे त्याचे सूत्र.

दोघांच्या टोप्यांना जोडणारी एक रबरी नळी त्याच शाळेत रूढ झाली. इंजिनाच्या गोंगाटात शिक्षक त्या नळीत बोले आणि विद्यार्थ्याच्या कानात शब्द पोहोचत. ‘गॉस्पोर्ट ट्यूब’ हे तिचे नाव. कृती चालू असतानाच ती शब्दांत सांगण्याची जी ठरावीक बोली आजचे शिक्षक वापरतात, तिचे मूळ या नळीत आहे. लढाऊ वैमानिकांची नावे जितकी लोकांच्या तोंडी आहेत तितके स्मिथ-बॅरीचे नाही, आणि हे बरोबर नाही. त्याच्या धड्यांनी वाचवलेले जीव मोजता येत नाहीत एवढेच.

युद्ध संपले, तरी सामान्य माणसाला विमान शिकणे परवडत नव्हते. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी जेफ्री डी हॅविलंड याचे छोटे ‘मॉथ’ पहिल्यांदा उडाले. त्याचे इंजिन युद्धातून उरलेल्या मोठ्या रेनॉ इंजिनाचा अर्धा भाग घेऊन तयार केले होते, त्यामुळे किंमत आटोक्यात राहिली. पंख मागे दुमडले की ते लहान जागेत मावे. डी हॅविलंडला पतंगांचा, म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या किड्यांचा, छंद होता. त्यावरून हे नाव आले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने फ्लाइंग क्लबांना मदत द्यायला सुरुवात केली.

तीच कल्पना भारतात आली. १९२८ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता, कराची अशा शहरांत क्लब सुरू झाले. मुंबईच्या क्लबाचे मैदान जुहूला, समुद्राला लागून होते. पावसाळ्यात ते चिखलाने भरून जाई. टाटांची टपालसेवा पुढे सुरू झाली तेव्हा तिलाही पावसाळ्यात आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. जुहूच्या याच मैदानावर चोवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा विमान शिकले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर १ हा क्रमांक होता. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना.

त्या पिढीला स्वतःला आजमावण्यासाठी एक निमित्त मिळाले. इंग्लंड आणि भारत यांमधले अंतर एकट्याने, महिन्याच्या आत तोडणाऱ्या भारतीयाला आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. १९३० मध्ये मनमोहन सिंग, ॲस्पी इंजिनिअर आणि टाटा असे तिघे या मागे लागले. टाटा कराचीहून निघाले आणि इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघे भेटले तेव्हा स्पार्क प्लगअभावी इंजिनिअरचे विमान अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. बक्षीस इंजिनिअर यांनी जिंकले. त्या वेळी ते सतरा वर्षांचे होते, आणि पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. क्लबात शिकलेली विद्या अशी चारच वर्षांत धंद्याला लागली.

लाहोरच्या क्लबात १९३६ मध्ये सरला ठकराल यांनी जिप्सी मॉथमधून सोलो केले. वय एकवीस, घरी लहान मुलगी, अंगावर साडी. प्रेम माथूर यांना डेक्कन एअरवेजने वैमानिक म्हणून घेतले, त्या भारतातल्या पहिल्या व्यावसायिक वैमानिक स्त्री. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९८५ मध्ये, सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता ते सिलचर असे इंडियन एअरलाइन्सचे फॉकर विमान नेले. विमानात सगळ्या कर्मचारी स्त्रियाच होत्या.

१९३१ मध्ये आलेले टायगर मॉथ हे भारतीय क्लबांचे आणि हवाई दलाचेही पिढ्यान्‌पिढ्यांचे शिकवणीचे विमान. त्यात दोघे पुढे-मागे बसत आणि तोल राहावा म्हणून एकट्याने उडताना मागच्या जागेवर बसावे लागे. साहजिकच विद्यार्थी मागे, शिक्षक पुढे. आठवड्यानुआठवडे विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर शिक्षकाचे चामडी टोपी घातलेले डोके असे. सोलोच्या दिवशी शिक्षक एक-दोन फेऱ्या मारून पट्टीच्या कडेला विमान थांबवायला लावी, उतरे, आणि पुढच्या जागेवरचे पट्टे आवळून बांधून टाकी, कारण सुटा पट्टा दांड्यात अडकला तर घात व्हायचा. मग पंखापासून दूर होऊन तो गवतावर उभा राही. विद्यार्थ्यापुढे आता रिकामी जागा आणि आकाश. एका माणसाचे वजन कमी झाल्याने विमान लवकर उठते, अधिक जोमाने वर चढते आणि उतरताना जमिनीलगत जास्त वेळ तरंगत राहते. हे आधी सांगितलेले असले तरी पहिल्या खेपेला ते अंगावर येतेच.

स्वातंत्र्यानंतर शिकवणीची विमाने देशातच होऊ लागली, आणि त्यांमागे मराठी नाव आहे: डॉ. विष्णू माधव घाटगे. गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेल्या घाटगे यांनी बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे विमान आखले. ते १९५१ मध्ये उडाले आणि हवाई दलाच्या शिकवणीत टायगर मॉथच्या जागी आले. १९५८ च्या ‘पुष्पक’ला फक्त ९० अश्वशक्तीचे इंजिन, कापड लावलेले पंख आणि शेजारी शेजारी दोन जागा होत्या. ते क्लबांना मिळाले. शेजारी बसण्याने शिकवणे बदलले. शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा आणि दांडा घट्ट धरलेली बोटे दिसू लागली.

ढगांत किंवा अंधारात शरीराची जाणीव फसवते, हे शिकवायला निराळे साधन लागले. एडविन लिंक हा अमेरिकन तरुण वडिलांच्या ऑर्गन तयार करण्याच्या कारखान्यात वाढला. तिथल्या भात्यांवर डुलणारी बंद पेटी त्याने १९२९ मध्ये तयार केली. आत बसून फक्त काट्यांकडे पाहत विमान सरळ ठेवायचे. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याने हवाई टपाल हाती घेतले आणि खराब हवेत एकामागून एक अपघात झाले. तेव्हा कुठे सैन्याने लिंकच्या पेट्या घेतल्या.

भारतातल्या आजच्या पायऱ्या नियमांनी ठरलेल्या आहेत. सोळाव्या वर्षी विद्यार्थी परवाना मिळतो. खासगी परवान्याला सतरा वर्षे वय आणि किमान ४० तास लागतात. व्यावसायिक परवान्याला अठरा वर्षे आणि २०० तास, त्यांतले १०० विमानाचा प्रमुख म्हणून. त्यात एक लांबचा प्रवास असतो: किमान ३०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटर, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरणे. फेरीतले सोलो करताना धावपट्टी नजरेआड होत नाही. या प्रवासात ती मागे पडते, आणि नकाशावरची नदी खालच्या नदीशी जुळवत जावे लागते. अनेकांना खरी कसोटी इथे वाटते. रात्रीचे उड्डाण आणि फक्त काट्यांवरचे उड्डाण यांचे तास वेगळे मोजले जातात.

मुंबईचे आकाश गजबजले तशी शिकवणी जुहूतून बाहेर पडली. क्लबाचे विद्यार्थी धुळ्याच्या पट्टीवर शिकू लागले. बारामती, गोंदियाजवळचे बिरसी आणि शिरपूर इथेही शाळा आल्या. शिक्षकाने उतरण्याचा क्षण तिथेही तोच आहे. अमेरिकेत सोलो झाल्यावर विद्यार्थ्याच्या शर्टाचा मागचा पदर कापण्याची प्रथा आहे. पुढे-मागे बसण्याच्या विमानात शिक्षक मागून शर्ट ओढून सूचना देई, आता ओढायला शर्ट लागणार नाही, असा तिचा अर्थ सांगतात. आपल्याकडे बादलीभर पाणी ओतून सोलो साजरे करतात. ओले अंग पुसून झाले की विद्यार्थी लॉगबुक उघडतो, वैमानिकाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहितो, आणि शिक्षकाचा रकाना पहिल्यांदा मोकळा सोडतो.