दाढीच्या पात्याचे धारयंत्र

दाढीच्या पात्याचे धारयंत्र हे सेफ्टी रेझरच्या वापरलेल्या पात्याची धार पूर्ववत करण्यासाठी बनविलेले, हाताने चालविण्याचे एक छोटे यांत्रिक उपकरण होय. विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा दशकांत अमेरिका, ब्रिटन व युरोपातील अनेक घरांत ते दाढीच्या साबणाइतकेच परिचित होते. एक पाते दोन-चार दाढ्यांनंतर टाकून न देता आठवडेच्या आठवडे वापरता यावे, हा त्यामागील हेतू होता. जी वस्तू मुळात टाकून देण्यासाठीच निर्माण केली गेली, ती टिकविण्यासाठी हे यंत्र बनले, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. स्टेनलेस पोलादाची लेपयुक्त पाती बाजारात आल्यानंतर त्याचा वापर झपाट्याने कमी झाला.

पार्श्वभूमी

सेफ्टी रेझरपूर्वी दाढीसाठी उघडा वस्तरा वापरला जात असे. त्याची धार राखण्याच्या दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत. पहिली दगडावर धार लावण्याची. हिच्यात पोलाद प्रत्यक्ष झिजते आणि धारेची नवी कड तयार होते. दुसरी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरविण्याची. हिच्यात पोलाद जवळजवळ झिजत नाही. धारेची वाकलेली सूक्ष्म कड सरळ होते व तिला चकाकी येते. दगडाची गरज क्वचित पडते, पट्ट्याची मात्र प्रत्येक दाढीपूर्वी. महाराष्ट्रातील नाभिकांच्या धोकटीतही वस्तऱ्याबरोबर धारेचा दगड व चामड्याचा पट्टा असे, आणि घाईच्या वेळी तळहातावर वस्तरा पाजळणारे कारागीर पुष्कळांनी पाहिलेले आहेत.

पट्ट्यावर वस्तरा फिरविणे दिसते तितके सोपे नाही. पाते पट्ट्यावर सपाट टेकवून कण्याच्या दिशेने ओढावे लागते, म्हणजे धार मागे राहते. धार पुढे ठेवून ओढल्यास पट्टाच कापला जातो. त्यामुळे प्रत्येक खेपेच्या शेवटी पाते कण्यावर उलटवून दुसऱ्या दिशेने न्यावे लागते. कोन थोडा जरी चुकला वा दाब वाढला तरी धार गोल होते. हे कौशल्य हातात बसायला काळ लागतो, आणि घरी दाढी करणाऱ्या सर्वसामान्य माणसाकडे ते नसे. पुढे आलेल्या बहुतेक धारयंत्रांचा खटाटोप या एका मनगटी हालचालीची नक्कल करण्याचाच आहे.

१८८० मध्ये न्यू यॉर्कच्या काम्फे बंधूंनी ‘स्टार’ नावाचा रेझर आणला. त्यात संरक्षक दांड्याच्या मागे वस्तऱ्याच्या पात्याचा छोटा, जाड, पाचरीसारखा तुकडा बसविलेला असे. कातडी कापण्याची भीती कमी झाली. पण धारेची कटकट तशीच राहिली. तो तुकडा काढून, वेगळ्या मुठीत पकडून पट्ट्यावर फिरवावाच लागे.

जिलेटचे पाते आणि त्यातील विसंगती

हा प्रश्न किंग कॅम्प जिलेट यांनी वेगळ्या बाजूने सोडविला. धार लावण्याचा त्रास नको असेल, तर धार न लावता टाकून देता येईल इतके स्वस्त पाते बनवावे, असा त्यांचा विचार होता. विल्यम निकर्सन या अभियंत्याने पातळ पोलादी पट्टीला पाणी देण्याची व धार लावण्याची यंत्रे तयार केली. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी जिलेट यांना अमेरिकेचे एकस्व (पेटंट) मिळाले. दगड नको, पट्टा नको, हाच त्यांच्या जाहिरातींचा मुख्य मुद्दा होता.

मात्र ‘स्वस्त’ हा शब्द सापेक्ष होता. जिलेटचा संच ५ डॉलरला मिळे, आणि जादा पाती सुरुवातीला एका डॉलरला वीस या दराने विकली जात. त्या काळच्या अमेरिकन कामगाराच्या आठवड्याच्या कमाईचा मोठा हिस्सा संचावर खर्च होई आणि त्यानंतर पात्यांचा खर्च कायमचा मागे लागे. पाती साध्या कार्बन पोलादाची असत. दाढीनंतर ओली राहिली की त्यांच्या कडेवर गंज धरे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती ओढू लागत. बोथट झालेले पाते दिसायला मात्र अगदी नवेच असे. चकचकीत, अखंड पोलादाचा तुकडा कचऱ्यात टाकायला काटकसरी माणसाचे मन तयार होत नसे. जिलेटने जी कटकट संपविल्याचे जाहीर केले होते, तीच परत विकत देण्याचा एक स्वतंत्र धंदा याच अस्वस्थतेवर उभा राहिला.

रचना व कार्य

दुधारी पात्याला धार लावणे हे वस्तऱ्याला धार लावण्यापेक्षा अवघड आहे. वस्तऱ्याला जाड कणा असतो; तो पट्ट्यावर टेकला की कोन आपोआप ठरतो. दुधारी पात्याला कणा नाही. त्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते (जिलेटची सुरुवातीची पाती याहून थोडी जाड, सुमारे ०.१५ मिलिमीटर होती) आणि बोटांनी दाबले तर ते सहज वाकते. रेझरमध्ये ते कमानीसारखे वाकवून घट्ट आवळलेले असते, म्हणून तिथे ते ताठ राहते. धारयंत्राला त्यामुळे तीन कामे एकाच वेळी करावी लागतात: पाते ताठ धरणे, कोन कायम राखणे आणि दिशा बदलताच पाते उलटविणे.

बहुतेक यंत्रांत पाते एका धातूच्या पकडीत बसविले जाते व त्याच्या कडा किंचित बाहेर राहतात. या कडांना चामड्याचे रूळ, चामड्याची पट्टी किंवा बारीक कणांचा धारेचा दगड स्पर्श करतो. मूठ फिरविली किंवा सरकविली की गती दातेरी चाकांमार्फत रुळांना वा पकडीला मिळते. हालचालीची दिशा उलटली की घर्षणाने किंवा दातेरी चाकाच्या धक्क्याने पकड कलते आणि पात्याची दुसरी बाजू चामड्यावर येते. वापरणाऱ्याला फक्त मूठ हलवायची असते. चामड्यावर कधी लोह ऑक्साइडची तांबडी किंवा क्रोमियम ऑक्साइडची हिरवी लुकण लावली जाते. तिच्यातील कण अतिशय बारीक असल्यामुळे चकाकी आणण्याबरोबर थोडी झीजही होते.

आपोआप उलटणाऱ्या पकडीचे तत्त्व दाढीपुरते मर्यादित राहिले नाही. ऊतींचे पातळ छेद घेणाऱ्या मायक्रोटोम यंत्राच्या सुरीला धार लावण्यासाठी प्रयोगशाळांत जी स्वयंचलित यंत्रे वापरली जात, त्यांतही सुरी ठरावीक काळाने उलटविण्याची योजना असे.

प्रमुख उपकरणे

ऑटोस्ट्रॉप. न्यू यॉर्कचे संशोधक हेन्री गाइसमन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार केलेला हा रेझर आणि धारयंत्र यांचा संयोग होता. पाते बाहेर काढण्याची गरजच नव्हती. रेझरच्या डोक्यातून चामड्याचा लांब पट्टा ओवायचा, त्याचे एक टोक खुंटीला अडकवायचे आणि रेझर पुढेमागे ओढायचा. आतील छोटे रूळ पट्ट्याबरोबर फिरत व प्रत्येक वेळी पाते योग्य बाजूला कलवीत. यात एकधारी पाते असे. ‘व्हॅलेट’ या नावानेही तो विकला गेला.

गाइसमन यांचे नाव जिलेट कंपनीच्या इतिहासातही येते. १९३० मध्ये नव्या धर्तीच्या दुधारी पात्याच्या एकस्वावरून दोन्ही कंपन्यांत वाद झाला आणि त्याचा शेवट विलीनीकरणात झाला. त्या वेळी हिशेब तपासताना जिलेटने आपला नफा फुगवून दाखविल्याचे उघड झाले, आणि एकत्रित कंपनीची सूत्रे गाइसमन यांच्याकडे आली. पाती टाकून द्या म्हणणाऱ्या कंपनीचे प्रमुखपद पाती टिकवा म्हणणाऱ्या माणसाकडे गेले, असे म्हणायला हरकत नाही. व्यवहारात मात्र त्यांनीही पाती विकण्याचाच धंदा पुढे चालविला. छायाचित्राच्या फिल्मवर कॅमेऱ्यातूनच टिपण लिहिण्याची त्यांची युक्ती कोडॅक कंपनीने १९१४ मध्ये तीन लाख डॉलरला विकत घेतली होती. ते १०४ वर्षे जगले.

ट्विनप्लेक्स. अमेरिकेतील सेंट लुइस येथील हे यंत्र मुठीत मावेल एवढे असे. दुधारी पाते आत ठेवून छोटा दांडा फिरविला की चामड्याचे रूळ पात्याच्या दोन्ही कडांवर एकदम काम करीत, आणि पाते ठरावीक फेऱ्यांनंतर आपोआप पालटे. ‘क्रिस क्रॉस’ हे दुसरे यंत्रही याच शहरातील.

अलेग्रो. स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्नजवळच्या एमेनब्रुके येथे बनणारे हे यंत्र निकेलचा मुलामा दिलेल्या चपट्या पेटीसारखे दिसे. एका अंगाला धारेचा दगड आणि दुसऱ्या अंगाला चामडे अशी त्याची मांडणी होती. त्यामुळे अगदी बोथट पात्याला आधी दगडावर नवी कड देता येई व नंतर चामड्यावर ती साफ करता येई.

रोल्स रेझर. या सर्वांत पूर्णत्वाने विचार केलेले उपकरण कदाचित हेच. रोल्स रेझर ही ब्रिटिश कंपनी १९२७ मध्ये स्थापन झाली. तिचा कारखाना लंडनच्या क्रिकलवुड भागात होता आणि मोटारींच्या रोल्स-रॉइसशी तिचा काहीही संबंध नव्हता. रेझरची पेटी हेच धारयंत्र होते. पेटीच्या एका झाकणात दगड व दुसऱ्यात चामडे बसविलेले असे. पाते वस्तऱ्याच्या तुकड्यासारखे जाड व ताठ असल्यामुळे ते वर्षानुवर्षे धार लावण्याजोगे होते. मूठ पुढेमागे सरकविली की पाते प्रत्येक टोकाला खटकन उलटे. हा आवाज त्या काळच्या ब्रिटिश घरांत सकाळच्या ओळखीच्या आवाजांपैकी एक होता. दाढी करताना पाते पेटीतून काढून मुठीला जोडावे लागे. पुढे ही कंपनी जॉन ब्लूम यांच्या हाती गेली, तिने धुलाईयंत्रे विकण्यास प्रारंभ केला आणि जुलै १९६४ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. ब्रिटिश उद्योगजगतात हे नाव आज रेझरपेक्षा त्या दिवाळखोरीसाठी अधिक आठवले जाते.

यंत्र न म्हणता येणारी काही साधनेही प्रचारात होती. ब्रिटनमधील ‘लिलिक्रॅप’ हा काचेचा खोलगट ठोकळा त्यांपैकी एक. पाण्याचा थेंब टाकून पाते त्या खोलगट भागात बोटाने दाबायचे व पुढेमागे घासायचे. काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर ब्लेड घासण्याची भारतीय घरांतील जुनी युक्ती याच तत्त्वावर आधारलेली आहे. पेल्याची वक्रता पात्याला रेझरमधल्यासारखी कमान देते, त्यामुळे ते ताठ राहते व कडा काचेला टेकतात. वरील यंत्रांत दातेरी चाके व रूळ जे काम करतात, त्यातील निम्मे काम या पेल्याची केवळ गोलाई करते.

परिणामकारकता

धारयंत्रांनी खरोखर धार येते का, याचे उत्तर पाते कशामुळे बोथट झाले आहे यावर अवलंबून असते. गंजाचा पातळ थर आणि वाकलेली कड हे दोष चामड्याने दूर होतात. कार्बन पोलादाच्या पात्यांत हे दोष ठळक असत. म्हणून त्या काळच्या वापरकर्त्यांना आलेला अनुभव केवळ भ्रम होता असे मानण्याचे कारण नाही. कारखान्यातही पात्याला दगडी चाकांवर धार दिल्यानंतर अखेरचा हात चामड्याच्या चाकांवरच फिरविला जाई.

कडेचे कण तुटले असतील तर मात्र चामडे निरुपयोगी ठरते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जानलुका रोशोली, जेम तासान व त्यांच्या सहकाऱ्याने २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असूनही धार कशी खराब करतो, हा त्यांचा प्रश्न होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिल्यावर त्यांना असे दिसले की, धार केवळ हळूहळू झिजत नाही, तर तिचे सूक्ष्म टवके उडतात. केस कापला जाताना वाकतो, पोलादाची अंतर्रचना सर्वत्र सारखी नसते, आणि केस अशा विषम ठिकाणी कडेला भिडला तर तिथे तडा जातो. असे टवके भरून निघत नाहीत. त्यांच्या खोलीपर्यंतचे पोलाद दगडावर झिजवून नवी कड काढणे एवढाच उपाय उरतो, आणि ०.१ मिलिमीटर जाडीच्या पात्यावर तो नीट करणे घरगुती यंत्राच्या आवाक्यात क्वचितच असते.

ऱ्हास

जिलेटची मूळ एकस्वे १९२१ मध्ये संपली. त्यानंतर अनेक उत्पादक बाजारात आले व पाती स्वस्त होत गेली. दुसऱ्या महायुद्धातील पोलादाच्या टंचाईने धारयंत्रांना काही काळ पुन्हा महत्त्व दिले. निर्णायक बदल १९६० नंतर घडला. त्या वर्षी जिलेटने सिलिकोनचा लेप दिलेले पाते आणले. पाठोपाठ विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीच्या लेपयुक्त स्टेनलेस पात्यांनी बाजारपेठ बदलून टाकली. या पात्यांना गंज लागत नसे, कडेवरील लेपामुळे केस कापण्यास कमी जोर लागे आणि एक पाते कितीतरी अधिक दाढ्या टिके. धारयंत्रात घातल्यास हाच लेप खरवडला जाई, म्हणजे धार लावण्याने पाते सुधारण्याऐवजी बिघडे. यंत्रे तीच होती, पात्यांनाच आता ती चालेनाशी झाली.

पिरॅमिडचे एकस्व

प्राग येथील कारेल द्रबाल यांनी १९४९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात एका वेगळ्याच साधनासाठी अर्ज केला. खुफूच्या पिरॅमिडच्या प्रमाणातील पुठ्ठ्याच्या छोट्या पिरॅमिडखाली पाते ठेवल्यास त्याची धार टिकते, असा त्यांचा दावा होता. दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, त्यांना ९१३०४ क्रमांकाचे एकस्व मिळाले. ‘पिरॅमिड-शक्ती’चे समर्थक त्याचा आजही पुरावा म्हणून उल्लेख करतात. एकस्व हे कल्पनेवरील हक्काचे प्रमाण असते, परिणामाचे नव्हे. नियंत्रित चाचण्यांत पिरॅमिडचा पात्याच्या धारेवर प्रभाव आढळलेला नाही.

सद्यस्थिती

जुनी ट्विनप्लेक्स, अलेग्रो व रोल्स यंत्रे आज प्रामुख्याने संग्राहकांकडे आढळतात आणि त्यांपैकी पुष्कळ अजून सुरळीत चालतात. अनेक पाती असलेली काडतुसे महाग असल्यामुळे सिलिकोनच्या खडबडीत पट्टीवर काडतूस उलट दिशेने घासण्याची साधी साधने पुन्हा विक्रीस आली आहेत. काही जण जीन्सच्या कापडावर तेच करतात. केशकर्तनालयांत मात्र प्रवाह उलट आहे. रक्तातून पसरणाऱ्या एचआयव्ही व कावीळ यांसारख्या रोगांविषयी जागृती झाल्यानंतर भारतातही नाभिक व्यावसायिकांनी धार लावायच्या वस्तऱ्याऐवजी बदलत्या पात्याचा वस्तरा स्वीकारला असून, दुधारी ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्याने बसविला जातो.