चमचाभराने काय होतंय?



पर्युषणात माझी भाची आमच्याकडे राहायला होती. तिला सीलिअ‍ॅक आहे. गहू किंवा सातूतलं ग्लुटेन पोटात गेलं, की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. पारण्याला लापशी केली होती. काकू प्रेमानेच म्हणाल्या, "अगं, चमचाभराने काय होतंय?" पोरगी मान खाली घालून बसली. म्हणून आज या आजाराची गोष्ट सांगते.

आजार जुनाच आहे. दुसऱ्या शतकाच्या सुमारास अ‍ॅरेटियस या ग्रीक वैद्याने त्याचं वर्णन केलं. ग्रीकमध्ये 'कोइलिया' म्हणजे पोट, त्यावरून हे नाव आलं. 1888 मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी यांनी लिहिलं, की हा आजार बरा होणार असेल तर आहारानेच होईल. पण गंमत बघा, त्यांनी भात वर्ज्य सांगितला आणि पातळ कापून भाजलेला पाव चालेल म्हटलं! 1924 मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवलं. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळालं. खरं तर त्या पथ्यात पावच बंद होता.

खरा दोषी सापडला हॉलंडमध्ये. विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ. सांगतात, की एका आईने त्यांना म्हटलं होतं, पाव बंद केला की माझ्या मुलाचं अंगावरचं पुरळ जातं. डिकेंनी ते हसण्यावारी नेलं नाही. युद्धाआधीच त्यांनी गव्हाशिवायचा आहार देऊन पाहिला. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, लोकांनी ट्यूलिपचे कंदसुद्धा खाल्ले. पाव मिळेनासा झाला, तशी ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला, तशी पुन्हा खंगली. 1950 मध्ये डिकेंनी आपला प्रबंध मांडला आणि पुढे दोन वर्षांत ग्लुटेनवर बोट ठेवलं गेलं.

म्हणजे बायांनो, शेकडो वर्षं जे मोठमोठ्यांना दिसलं नाही, ते एका आईला स्वयंपाकघरात दिसलं होतं.

आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं आहे. भाकरी तर रोजचीच. बटाटा-साबुदाणा आपण टाळतो, तरी अडत नाही. पण लपलेला गहू ओळखायला हवा. बाजारच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. पोळीची पोळपाट-लाटणी आणि पिठाची चाळणी वेगळी ठेवावी. ज्वारीसुद्धा गव्हानंतर त्याच गिरणीत दळली, तर उपयोग नाही.

आपण रात्रीभोजन टाळतो, कंदमुळं टाळतो; तेव्हा "चमचाभराने काय होतंय" असं कोणी म्हटलं तर आपल्याला चालतं का? मग तिचंही पथ्य तसंच पाळू या.

पुढच्या पारण्याला लापशी तांदळाच्या कण्यांची करायची, असं काकूंनीच ठरवलंय.