हद्दीपलीकडचा बंब

खानदेशात आगीची गोष्ट निघाली की कापूस आलाच. कापसाची आग इतर आगींसारखी नसते. वरची ज्वाळा पाण्याने विझते, बघे घरी जातात, आणि दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटात निखारा धुमसत राहतो. पट्ट्या तोडून गाठ उकलावी, रुई पसरावी, ती भिजवावी, तेव्हा कोठे आग मेली म्हणावयाचे. हे काम तासांचे नव्हे, दिवसांचे. आम्ही जिन-प्रेसच्या कामगारांत आणि बंबावरच्या माणसांत वावरणारे. त्यामुळे पहिला बंब कोठून येणार एवढाच प्रश्न आम्हांस पडत नाही. पहिल्या पाळीची माणसे थकल्यावर दुसरी पाळी कोठून यावयाची, हा खरा प्रश्न. एकट्या गावाजवळ दुसरी पाळी क्वचितच असते.

नशिराबादकरांना हे वेगळे सांगावयास नको. काचेच्या बांगड्यांसाठी एके काळी ख्याती पावलेले हे गाव जळगाव आणि भुसावळ यांच्या मध्ये हमरस्त्यावर बसले आहे. जळगाव दहा किलोमीटर, भुसावळ पंधराच्या आसपास. 1965 च्या कायद्याने आग विझविणे हे नगरपालिकांचे आवश्यक कर्तव्य ठरले. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत घातली. म्हणजे ज्याची हद्द त्याचा बंब. आग मात्र अनुसूची वाचून लागत नाही. तेव्हा शेजारच्या शहरांनी मिळून एकच दल का चालवू नये, हा विचार सुचतोच; आणि जगात तो पुष्कळ ठिकाणी, बहुधा फार मोठी किंमत मोजल्यावर, सुचलेला आहे.

अमेरिकेत बाल्टिमोर शहराला 7 फेब्रुवारी 1904 रोजी आग लागली. वॉशिंग्टनहून बंब रेल्वेने आले. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथूनही मदत आली. शेजारधर्मात काही उणे नव्हते. पण बाहेरगावच्या नळ्यांची कपलिंगे बाल्टिमोरच्या नळखांबांवर बसेनात. प्रत्येक शहराचा आटा निराळा! माणसे आली, यंत्रे आली, पाणीही होते, आणि दीड हजारांवर इमारती जळाल्या. त्यानंतर तेथे सर्व शहरांसाठी एक माप ठरविण्याची चळवळ झाली.

आमच्या मुंबईत 14 एप्रिल 1944 रोजी निराळाच धडा मिळाला. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी एकाच पोटात भरल्या होत्या. दुपारी कापूस पेटला. जहाजाचा कप्तान, लष्कराचा दारूगोळ्याचा अधिकारी, गोदीचे अधिकारी, बंबखात्याचे प्रमुख सारे हजर होते. जहाज बुडवावे असा सल्लाही कोणी दिला. पण सर्वांवर ज्याचा हुकूम चालावा असा एकही माणूस तेथे नव्हता. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. बंबखात्याचे 66 जवान त्या दिवशी गेले. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

माप एक हवे आणि हुकूम एक हवा, हे दोन धडे पुस्तकांत सापडतात. तिसरा धडा आम्हांस जास्त जवळचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तो इंग्लंडातला आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्ये सोळाशेच्या वर बंबदले होती. कोणी मोठे पगारी, कोणी गावातल्या लोहार-सुतारांनी फुरसतीत चालविलेले. शेजारच्या गावाने पैशाची हमी दिल्याखेरीज हद्द न ओलांडणारी दलेही होती. 1938 च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेवर आगीची जबाबदारी टाकली. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने साहाय्यक दल उभे राहिले. त्यात पुरुषास आठवड्याला 3 पौंड, स्त्रीस 2 पौंड. कायम नोकरीतल्या जुन्या बंबवाल्यांना ही स्वस्त माणसे आपल्या पगाराच्या मुळावर येणार असे वाटले. वाटणे साहजिक होते. परंतु 1939 मध्ये बंबवाल्यांच्या युनियनचा सरचिटणीस झालेला जॉन हॉर्नर, तिशीही न गाठलेला, याने उलट मार्ग धरला. साहाय्यकांना युनियनचे दार त्याने उघडून दिले, आणि काही हजारांची संघटना बघता बघता कितीतरी पटींनी वाढली. ऑगस्ट 1941 मध्ये सरकारने सारी दले एक करून राष्ट्रीय अग्निशमन सेवा स्थापली, तेव्हा हुद्दे आणि पगार यांची बोलणी करावयास माणसांच्या बाजूने एकच संघटना उभी होती.

युद्धानंतर सरकारने दले स्थानिक संस्थांना परत दिली. पण कोणाला? सोळाशे गावांना नव्हे. 1948 पासून परगण्यांकडे व मोठ्या शहरांकडे मिळून सुमारे दीडशे दले राहिली. पगार मात्र देशपातळीवरील वाटाघाटींनीच ठरत राहिला. बंब परगण्याचा, पगाराचा दर साऱ्या देशाचा. ही विभागणी आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

आता आपल्याकडे पाहावे. मापाचा प्रश्न आपल्याकडे बव्हंशी सुटला आहे. 63 मिलिमीटरचे कपलिंग भारतीय मानकात आहे. नागपुरास 1957 पासून राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, तेव्हा शिकलेल्या अधिकाऱ्यांची भाषाही एक झाली. विभागाचे दल ही कल्पनाही नवी नाही. 1962 मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची स्वतःची केंद्रे आहेत, आणि पुण्याभोवतीच्या प्रदेशासाठी 2015 च्या महानगर प्राधिकरणाने आपले दल उभारले आहे. लोखंड एक झाले, पण माणसे झाली नाहीत. एक महापालिकेच्या कायम सेवेत, दुसरा नगरपरिषदेच्या वेतनश्रेणीत, तिसरा ठेकेदाराच्या हजेरीपटावर. आणि आगीसमोर तिघांनी एकच नळी धरावयाची. जखमी झाल्यास उपचार कोणाचे? हद्दीबाहेर मेल्यास त्याच्या घरच्यांनी कोणत्या कचेरीची पायरी चढावयाची?

जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे 2003 मध्ये महापालिका झाली. त्यांच्यात नव्वद किलोमीटरचे अंतर आहे. धुळ्याचा बंब जळगावची पहिली ज्वाळा विझवील हे शक्य नाही. दुसरी पाळी मात्र तो आणू शकेल. तालीम, दुरुस्तीचे कारखाने, सुटे भाग, फेस उडविण्याची महाग यंत्रे ही त्यांनी सामाईक करावी. जळगाव, नशिराबाद, भुसावळ ही ओळ निराळी. येथे रस्ता एकच, अंतर थोडे, आणि मध्यावरच्या केंद्रातून निघालेला बंब दोन्ही बाजूंस धावू शकतो. स्थानिक संस्थांनी संयुक्त समित्या नेमण्याची सोय कायद्यात आहे. अशी समिती बसेल त्या दिवशी बंब कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर पहिला तास जाईल, असा आमचा अदमास आहे. तिने त्याआधी पगारपत्रक, विमा आणि कुटुंबवेतन ही तीन कलमे लिहून काढावी, आणि तिच्या बैठकीत बंबावरच्या दोन माणसांस खुर्ची द्यावी, एवढे आमचे मागणे आहे.