तळघरातली घंटा

सेन्सर शिकताना मी पहिल्यांदा जोडला तो डीएचटी२२ आणि एक बझर. खोली ३० अंशांवर गेली की बझर वाजणार, मग आई उठून पंखा लावणार. "मग यात ऑटोमॅटिक काय झालं?" आईने विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. पण इमारतींचं ऑटोमेशन सुरूही असंच झालं. वॉरन जॉन्सन अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला भावी शिक्षकांना शिकवत. वर्ग गार आहे की गरम, हे बघायला शिपाई तास चालू असताना आत यायचा, मग तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा हलवायचा. वैतागलेल्या जॉन्सननी वर्गातला थर्मोस्टॅट तळघरातल्या घंटेला जोडला. १८८३ साली पेटंट मिळालं. व्यत्यय संपला, झडपा मात्र शिपायाच्याच हाती राहिल्या! तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्रणांसाठी त्यांची कंपनी मिलवॉकीत निघाली, ती १८८५ मध्ये.

मीही पुढे रिले लावला. तापमान २९.९ आणि ३०.० मध्ये घुटमळलं की तो टकटक करत बसायचा. आता पंखा ३० ला सुरू होतो, २८ ला बंद. बझर काढलेला नाही. रिले चिकटला तर आईला कळायला हवं.