अमेरिका किती लांब?

परवा गटाच्या बैठकीत बचत गोळा करून झाली, आणि एका मावशींनी विचारलं, “माझी नात न्यूयॉर्कला निघालीय. किती लांब गं ते?” कुणीतरी मोबाईलवर बघून सांगितलं, “मुंबईहून थेट विमान असलं तर साधारण सोळा तास.” मावशी म्हणाल्या, “तास नको, लांब किती ते सांग.”

तर मुंबई ते न्यूयॉर्क हवेतलं अंतर आहे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. परत येताना वेळ थोडा कमी लागतो. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो, तो विमानाला मागून रेटा देतो.

पण मला तेव्हा आठवल्या त्या आनंदीबाई जोशी. वय नुकतंच अठरा पूर्ण झालेलं. बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं, तेव्हापासून डॉक्टर व्हायचं मनात होतं. गोपाळराव पोस्टात नोकरीला, तेव्हा बंगालमध्ये होते, म्हणून त्या निघाल्या कलकत्त्याहून. नवरा सोबत नाही, ओळखीच्या परदेशी बायकांबरोबर. 7 एप्रिल 1883 ला बोट सुटली आणि 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. बोटं मोजून बघा, अठ्ठावन्न दिवस! मोबाईलवरच्या त्या सोळा तासांत हे दिवस बसवायचे तर सत्त्याऐंशी वेळा विमान न्यूयॉर्कला जाईल. आणि हे सुएझचा कालवा झाल्यानंतरचं. तो 1869 साली खुला झाला; त्याआधी बोटींना सगळ्या आफ्रिकेला वळसा घालावा लागे.

मावशींनी लगेच विचारलं, “पोचल्याचं पत्र घरी कधी आलं असेल?” पत्रही बोटीनेच यायचं ना! म्हणजे आणखी महिना तरी गेला असणार. नात विमानातून उतरल्या उतरल्या फोन करील, तरी मावशींना आत्तापासून झोप नाही.

विमानं पुढे फार उशिरा आली. एअर इंडियाचं मुंबईहून लंडनला पहिलं विमान गेलं 8 जून 1948 ला, कैरो आणि जिनिव्हाला थांबत. न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली 1960 साली.

मार्च 1886 मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांचा विभाग त्यांच्या हाती यायचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या, पण क्षयाने अंग पोखरलेलं, आणि वाट पुन्हा बोटीचीच. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

अमेरिकेत ज्यांनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं, त्या कार्पेंटरबाईंकडे गोपाळरावांनी त्यांची रक्षा पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे. तीही समुद्रावरूनच गेली.