चाकरी सुटलेले मांजर

मनुष्य आणि मांजर यांचे नाते धान्याच्या राशीपाशी जुळले. शेती स्थिरावली, धान्य साठू लागले, त्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही मांजराची जागा कणगी-कोठीजवळच होती. खानदेशातील आपल्या पूर्वजांनी मांजराला कधी कोंडले नाही, की त्यासाठी खेळणे आणले नाही. धाबे, गोठा आणि खळे हा त्याचा मुलूख होता व शिकार हा त्याचा दिवसभराचा उद्योग होता. हातून मांजर मेले तर काशीस सोन्याचे मांजर वाहावे लागते, अशी समजूत ज्या समाजाने जपली, त्याला या चाकराचे मोल निश्चित ठाऊक होते.

ही चाकरी सरकारदरबारीही मान्य झालेली आहे. लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांचा उपद्रव वाढला, तेव्हा १८६८ मध्ये तीन मांजरांसाठी आठवड्याला एक शिलिंग भत्ता मंजूर झाला. उरलेले पोट त्यांनी उंदरांवर भरावे, अशी अपेक्षा होती. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या मंजुरीपेक्षा तिच्या काटकसरीचे अधिक कौतुक वाटते.

मराठी मुलखात मांजराच्या चाकरीची चर्चा प्लेगच्या निमित्ताने झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे देशभर पसरला. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. त्यानंतर अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी मांजरे भरपूर असलेल्या गावांना प्लेगची झळ कमी लागते, असे प्रतिपादन केले. १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. मांजराला स्वतःलाही प्लेग होतो व त्याच्यापासून तो माणसाला होऊ शकतो, हे आज आपण जाणतो. त्यामुळे तो उपाय आता कोणी सुचविणार नाही. तथापि वऱ्हाडातील घराघरांत मांजर पाळावे, असे एका शल्यचिकित्सकाने सांगावे, यातच त्या प्राण्याची तत्कालीन प्रतिष्ठा दिसून येते.

सुरतेवर ती वेळ सप्टेंबर १९९४ मध्ये आली. लाखो लोक शहर सोडून गेले. आपल्यांपैकी कित्येकांनी उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी धरली. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराची जी सफाई झाली, तिचे देशभर नाव झाले. पुढे चाळीतली कुटुंबे सदनिकांत गेली, दारे बंद राहू लागली, धान्य पोत्याऐवजी पिशवीतून येऊ लागले. मांजर मात्र घरात राहिले. अमेरिकेत १९४७ मध्ये एडवर्ड लो यांनी मांजराच्या मलमूत्रासाठी शोषक माती विकण्यास आरंभ केल्यापासून त्याला बाहेर सोडण्याची निकडही हळूहळू संपली होती. अशा रीतीने ते सुरक्षित झाले आणि त्याच वेळी बेकारही झाले.

कामावाचून दिवस किती लांबतो, हे आम्हां निवृत्तांना वेगळे सांगावयास नको. पतिपत्नी दोघेही पाळीवर किंवा कचेरीत गेली की बंद घरातील मांजर पडदे ओरबाडते, रात्री सर्वांना उठविते, अथवा नुसते खाऊन सुस्तावते. आपण त्याला खोडकर वा आळशी म्हणतो. वस्तुतः त्याच्या अंगातील शिकारी रिकामा बसलेला असतो. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात सारा हॉल व जॉन ब्रॅडशॉ यांनी केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, भुकेले मांजर अधिक जोमाने खेळते आणि तेच खेळणे पुनःपुन्हा दिल्यास कंटाळते, पण खेळणे बदलताच त्याचा उत्साह परत येतो. म्हणजे मांजराचा खेळ ही शिकारच होय. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात रोज पाच-दहा मिनिटे खेळविलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार सुमारे २५ टक्क्यांनी घटली. खेळाने शिकारीची हौस काही अंशी भागते, असा याचा अर्थ आहे.

यावरून घरातील व्यवहार सहज ठरतो. कामावर निघण्यापूर्वी काठीला बांधलेले पीस किंवा चिंधी दहा मिनिटे त्याच्यापुढे नाचवावी, शेवटी ती त्याला पकडू द्यावी आणि मग खाऊ घालावे. शिकार, भोजन, निद्रा हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. काठीचे खेळणे नंतर कपाटात ठेवावे. आपल्या गैरहजेरीत पुठ्ठ्याचा रिकामा खोका, कागदाचा बोळा, सूत संपलेली मोठी कांडी पुरते. खोक्याला भोके पाडून आत खाद्याचे कण टाकले, तर ते काढण्यात त्याचा वेळ जातो. जाळी लावलेल्या खिडकीत बसण्यास जागा असावी. चार वस्तू असल्यास दोन लपवाव्यात व काही दिवसांनी अदलाबदल करावी. किरण फेकणाऱ्या यंत्राने मांजरास व्यायाम देण्याच्या रीतीला अमेरिकेत १९९५ मध्ये चक्क पेटंट मिळाले. परंतु तो किरण कधीच हाती लागत नाही व डोळ्यांत गेल्यास अपाय करतो. साधी चिंधी बरी.

उधन्यातील घरांसाठी एक इशारा अगत्याचा आहे. आपल्या घरांत सूत, जर आणि संक्रांतीनंतर मांजा यांची वाण नसते. मांजराच्या जिभेवरील काटे आतल्या दिशेने वळलेले असतात. तोंडात गेलेला धागा त्याला सहजी थुंकता येत नाही. गिळलेल्या धाग्याने आतडी गोळा होऊन चिरली जातात व जीवही जातो. तोंडातून वा गुदद्वारातून टोक दिसल्यास ते ओढू नये. तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. ज्या सुताने आपली कुटुंबे उभी केली, ते मांजराच्या वाट्यास येऊ देऊ नये.

हजारो वर्षांची चाकरी आपल्या सोयीसाठी आपणच बंद केली. रोजची ती दहा मिनिटे त्या जुन्या सेवकाचे निवृत्तिवेतन समजून नियमितपणे अदा करावीत.